पडद्यावरचा थेरपिस्ट: फी किती, खर्च किती

नोकरी गेली, बदली झाली, घटस्फोटाची तारीख लागली किंवा आईच्या आजारपणात जागरणांनी जीव मेटाकुटीला आला, की ‘अगं, कुणाशी तरी बोलून बघ’ असं हल्ली मैत्रीण सुचवतेच. मोबाइल उघडला की डझनभर ॲप समोर येतात. तिथे सगळं गुळगुळीत भाषेत लिहिलेलं असतं, फक्त लागणार किती ते शोधावं लागतं.

पुण्या-मुंबईकडच्या खासगी समुपदेशकाचं ऑनलाइन सत्र साधारण 800 ते 2,000 रुपयांना पडतं. नवखे 500 रुपयांतही भेटतात, नाव झालेले 3,000च्या पुढे घेतात. दराबरोबर मिनिटं विचारा. 1,200 रुपयांत 60 मिनिटं आणि 1,000 रुपयांत 45 मिनिटं, यात दुसरा सौदा महाग आहे. नुसत्या चॅटवर चालणारं सत्र स्वस्त असतं. तोंडाने बोलणं जमतच नसेल तर ते ठीक. व्हिडिओइतके पैसे मात्र त्याला मोजू नका.

एका सत्रात काही होत नाही, हे धरूनच हिशेब मांडा. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीसारख्या पद्धतीत बहुतेकदा 6 ते 20 सत्रं लागतात. समजा फी 1,200 आहे. पहिला महिना दर आठवड्याला, म्हणजे 4,800. पुढचे दोन महिने पंधरा दिवसांतून एकदा, म्हणजे महिन्याला 2,400. तीन महिन्यांत आठ सत्रं, 9,600 रुपये. हा आकडा आधी डोळ्यांसमोर असला की तिसऱ्या सत्रानंतर पैशांपायी सगळं अर्ध्यावर सोडण्याची वेळ येत नाही. आणि फी परवडत नसेल तर तसं लिहायला लाजू नका. ‘माझी नोकरी सध्या नाही, सत्राला 600 पर्यंतच जमेल, तुमच्याकडे स्लायडिंग स्केल आहे का?’ एवढा निरोप पुरतो. उत्पन्न पाहून फी कमी करणारे अनेक जण काही जागा त्यासाठी राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दहा सत्रांच्या पॅकेजवर सूट मिळते, आणि माझ्या मते लोकांचे सर्वांत जास्त पैसे तिथेच अडकतात. समोरची व्यक्ती आपल्याला मानवते का, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीशिवाय कळत नाही. थेरपिस्टने मध्येच ॲप सोडलं तर पॅकेज कंपनीकडे राहतं आणि तुम्ही नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी सांगत बसता. म्हणून पहिली दोन-तीन सत्रं सुटी घ्या. सूट गेली तर गेली. पॅकेज घ्यायचंच असेल तर मुदत किती, थेरपिस्ट बदलता येतो का आणि उरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळतात का, याची उत्तरं मेलवर लेखी मागवा. सत्र रद्द करण्याचा नियमही वाचा. बहुतेक जण 24 तास आधी न कळवल्यास पूर्ण फी धरतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हा नियम फार महागात पडतो.

आता पैसे कुणाला देताय ते पाहू. सायकिअॅट्रिस्ट हा डॉक्टर. औषध तोच लिहू शकतो आणि त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तो क्रमांक बेलाशक मागा. साध्या समुपदेशकाकडे असा क्रमांक नसतो, म्हणून एम.ए. कुठून केलं, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारावं. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ‘लाइफ कोच’ किंवा ‘हीलर’ असं लावणाऱ्याला थेरपिस्टची फी देण्याचं काही कारण मला दिसत नाही.

खिशात हात घालण्याआधी फुकटचे पर्याय बघून घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पुढच्या वेळी तीच व्यक्ती भेटेल याची खात्री नसते, त्यामुळे लांबच्या कामाला ही सेवा अपुरी पडते. पण थेरपी हवी की डॉक्टर, हे ठरवायला उत्तम. जीव नकोसा झाला असेल तर ॲपवर वेळ बुक करत बसू नका, लगेच 14416 किंवा 112 लावा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, म्हणजे ‘टिस’ची आयकॉल सेवा 2012 पासून फोनवर विनामूल्य समुपदेशन करते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही असतो. नावाला बिचकून लोक तिकडे फिरकत नाहीत, हा भाग वेगळा. नोकरदारांनी एचआरकडे ईएपीची, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या मदत योजनेची चौकशी करावी. अनेक कंपन्या वर्षाला ठरावीक सत्रांचे पैसे भरतात, कधी घरच्यांसाठीही.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं खरं, पण आपल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. घरी बसून घेतलेलं सत्र ओपीडीत मोडतं. पॉलिसीत ओपीडीची जोड असेल तरच दावा करून बघा, आणि त्यासाठी नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख असलेली पावती दर वेळी घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट चालत नाही.

जागेचा खर्च कुणी धरतच नाही. वन बीएचकेमध्ये सासूबाई टीव्ही बघतायत, मुलांचा क्लास चालू आहे. नवऱ्याबद्दल बोलायचं कुठे? पार्किंगमधल्या गाडीत काचा वर करून, फोन स्टिअरिंगला टेकवून सत्र घेणारे कितीतरी आहेत. चालतं. बरे इअरफोन घ्या आणि थेरपिस्टला आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी काचेवर टकटक केली तर विषय बदलायची खूण ठरवता येते. व्हिडिओला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये भागतं.

ॲप निवडताना माहितीचं काय होतं तेही बघा. अमेरिकेतल्या बेटरहेल्प या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून 2023 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 78 लाख डॉलर वसूल केले. साइन-अपच्या वेळी भरायची ती लांबलचक प्रश्नावली शक्य तेवढी कोरी सोडा. ते सगळं थेरपिस्टला तोंडी सांगता येतं.

परदेशातली मराठी मंडळी आपल्या भाषेसाठी इकडचा थेरपिस्ट धरतात. रुपयांत फी स्वस्त वाटते, पण अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि तिथला विमा इकडची पावती सहसा मानत नाही. औषधाची अपेक्षाही ठेवू नका. आपली 2020 ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत.

पैसे अडकलेच तर आधी कंपनीला मेल करा, उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सत्रात काय बोललात ते सांगायची गरज नाही. पावती, तारीख आणि परताव्याचा नियम एवढं पुरतं.