पदोन्नतीची पूर्वतयारी : आतुरालयात शिकविणाऱ्या वैद्यांसाठी

कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, स्त्रीरोग यांसारखे विषय शिकविणाऱ्या वैद्यास एकाच वेळी दोन संसार सांभाळावे लागतात. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, मग आंतररुग्णांची फेरी, दुपारी व्याख्यान आणि संध्याकाळी पुन्हा एखादा अत्यवस्थ रुग्ण. मौलिक सिद्धांताच्या अध्यापकास ग्रंथालयात बसून लिहिण्याचा जो अवकाश मिळतो, तो यास मिळत नाही. (त्या विभागातील सहकाऱ्यांनी रागावू नये, त्यांच्या कष्टांची जात निराळी आहे.) परिणाम असा होतो की, ज्याच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या नाडी धरावयास शिकल्या, तोच वैद्य निवड समितीसमोर रिकाम्या धारिकेने उभा राहतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आचार्याची परीक्षा सांगितली आहे. त्यात शास्त्र निर्मळपणे जाणणे जसे येते, तसे प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे आणि ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे सामर्थ्य असणे हेही येते. आजची निवड समिती याच गोष्टी पाहू इच्छिते; फरक इतकाच, की ती त्या कागदावर पाहते. म्हणून कागदाविषयी आधी बोलू.

भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या २०१६ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकपदासाठी ५ वर्षांचा आणि प्राध्यापकपदासाठी १० वर्षांचा अध्यापनानुभव सांगितला होता. त्यातील ‘संबंधित विषयात’ हे दोन शब्द अनेकांना नडतात. पुढे २०२० च्या अधिनियमानुसार परिषदेची जागा भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली आणि २०२४ मध्ये महाविद्यालयांच्या किमान मानकांचे नवे विनियम आले. कोणाच्या सांगण्यावर न विसंबता आपल्या पदास लागू असलेले कलम मूळ राजपत्रातून वाचावे, असा आमचा आग्रह आहे.

आमच्या परिचयातील एका वैद्यांची नेमणूक कागदोपत्री स्वस्थवृत्त विभागात होती. काम मात्र पहिल्या दिवसापासून कायचिकित्सेचे. मनुष्यबळ कमी, म्हणून संस्थेने तसे करून घेतले आणि त्यांनीही आनंदाने केले. पदोन्नतीच्या वेळी ती सारी वर्षे कायचिकित्सेच्या अनुभवात धरली गेली नाहीत. वॉर्डातील त्यांचे काम सर्वांना ठाऊक होते, पण त्याचा लेखी आदेश कोठेच नव्हता. विभाग बदलला की आदेश त्याच आठवड्यात मागून घ्यावा. नेमणूक पत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाचे मान्यता पत्र आणि संस्था सोडली असल्यास कार्यमुक्तीचा आदेश, या चार कागदांची साखळी प्रत्येक संस्थेगणिक पूर्ण असावी. दोन संस्थांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. जुन्या पत्रांत ‘अधिव्याख्याता’ किंवा ‘प्रपाठक’ असे पदनाम असेल, तर आजच्या कोणत्या पदाशी ते जुळते याचे टिपण अर्जासोबत जोडावे. समितीतील तरुण सदस्यांना ते शब्द परिचित असतीलच असे नाही.

आता मुख्य विषय, लेखनाचा. रुग्णालयीन वैद्याची प्रयोगशाळा त्याच्या वॉर्डातच असते आणि तेथील सामग्री दररोज वाया जाते. आमवाताचा रुग्ण दाखल होतो, चक्रदत्तोक्त वैतरण बस्ती दिला जातो, रुग्ण चालत घरी जातो. केसपेपरवर उरते काय? ‘बस्ती दिला, उपशय.’ एवढ्यावरून लेख होत नाही. त्याच रुग्णाचे बस्तीपूर्वी सकाळी सांधे किती मिनिटे आखडलेले राहतात, कोणते सांधे सुजलेले आहेत, ईएसआर किती, बस्तीचे प्रमाण व प्रत्यागमन काल काय, सोबत कोणती औषधे चालू होती आणि १ महिन्यानंतर स्थिती काय, एवढे लिहावयास रोज दहा मिनिटे लागतात. विद्यार्थ्यांकडून ते लिहवून घेतले तर अध्यापनही त्यातच होते. मात्र तपासून स्वाक्षरी आपण करावी.

रुग्णवृत्तांत कसा लिहावा याची ‘केअर’ मार्गदर्शक तत्त्वे २०१३ पासून उपलब्ध आहेत. त्यांचा तक्ता वॉर्डात लावून ठेवावा. कोणती नोंद राहिली ते लेख लिहिताना नव्हे, रुग्ण समोर असतानाच कळते. रुग्णाची लेखी संमती तो घरी जाण्यापूर्वीच घ्यावी. निदानासोबत ‘नमस्ते’ पोर्टलवरील प्रमाणित संकेतांक लिहिण्याची सवय लावून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेदाच्या व्याधिनामांना आपल्या वर्गीकरणात स्थान दिले आहे, त्यामुळे पुढे अशा नोंदींचे मोल वाढेल, असे आम्हांस वाटते. रुग्णांच्या गटावर चिकित्सेचे अध्ययन करावयाचे असेल तर नीतिमत्ता समितीची मान्यता आणि भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद, दोन्ही पहिला रुग्ण घेण्यापूर्वी व्हावयास हवीत. एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही आधीच सुरू झालेली अध्ययने स्वीकारीत नाही.

लेख कोठे पाठवावा, या प्रश्नावर आम्ही थोडे कठोर आहोत. पैसे भरा आणि चार दिवसांत छापून घ्या, अशी नियतकालिके पुष्कळ झाली आहेत. यूजीसी-केअर यादीचा आधार होता, तोही २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने काढून घेतला. आता पारख आपणच करावयाची. संपादक मंडळातील वैद्यांना आपण ओळखतो का, परीक्षणाचे अभिप्राय खरोखर येतात का, अंक मान्य सूचींत सापडतो का, हे पाहावे. ‘आयू’ किंवा ‘जे-एम’ यांसारख्या नियतकालिकांतून एक लेख परत आला तरी परीक्षकांच्या अभिप्रायातून जे शिकावयास मिळते, ते विकत घेतलेल्या दहा लेखांतून मिळत नाही.

विद्यार्थ्याच्या प्रबंधावर काही न लिहिता आपले नाव पुढे सरकविणे हाही याच रोगाचा प्रकार. ज्याने कामात भर घातली, मसुदा लिहिला वा सुधारला, अंतिम प्रतीस मान्यता दिली आणि उत्तरदायित्व घेतले, तोच लेखक. विभागप्रमुखांस ‘सर, या लेखात आपले नाव घालता येणार नाही’ असे सांगणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. काम सुरू होतानाच लेखकांची नावे व क्रम लिहून ठेवले, तर तो प्रसंग बहुधा येत नाही.

शिकविण्याच्या नोंदी मात्र फारसे कोणी ठेवीत नाही. रुग्णशय्येशेजारी घेतलेल्या पाठांची तारीखवार वही, त्यात विषय, रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि उपस्थितांच्या स्वाक्षऱ्या; एवढे पुरे. वर्षअखेरीस तिच्यावर प्राचार्यांची सही घ्यावी.

मुलाखतीस जाताना मूळ कागद एका धारिकेत, छायाप्रती दुसरीत आणि वर एक पानी अनुक्रमणिका असावी. ‘आपल्या सर्वोत्तम लेखाविषयी सांगा’ हा प्रश्न बहुतेक वेळा येतो. त्या लेखातील रुग्णाचे वय, लिंग, व्याधीची अवस्था आणि दिलेली मात्रा तोंडपाठ असावी. ज्याने रुग्ण स्वतः पाहिलेला असतो, त्यास ती पाठ करावी लागत नाही, आणि समितीस ते दुसऱ्या प्रश्नापर्यंत कळून येते.