भोपाळ : नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून निर्माण केला अशी परंपरा आहे, तर लहान तलाव १७९४ मधील आहे. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावाने निजामाला येथेच कोंडून दोराह्याच्या तहास भाग पाडले, पुढे चार बेगमांनी राज्य केले आणि १९५६ मध्ये हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी झाले. श्यामला टेकडीवरील भारत भवनातून दिसणारे तलावाचे पाणी नवागताला लगेच भुरळ घालते. परंतु त्याच दिवसांत कागदपत्रे मागे पडली, तर पुढचे वर्ष मनस्तापाचे जाते.

सर्वांत आधी ‘समग्र आयडी’ काढावा. राज्य शासन प्रत्येक कुटुंबाला ८ अंकी आणि त्यातील प्रत्येक व्यक्तीला ९ अंकी क्रमांक देते, ही गोष्ट महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ठाऊक नसते आणि मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जातील तो रकाना पाहूनच धावपळ सुरू होते. मराठी नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असते, तर येथील अर्जांत ते बहुधा गाळले जाते. परिणामी जन्मदाखला, आधार आणि समग्र यांवरील नावे जुळत नाहीत व दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. म्हणून संगणकावर अर्ज भरला जात असताना शेजारी उभे राहून नावाचे प्रत्येक अक्षर स्वतः तपासावे.

घरमालक ओळखीतला असला, तरी ११ महिन्यांचा किरायानामा, म्हणजे भाडेकरार, केल्याशिवाय अनामत देऊ नये. मागील वीजबिल भरले आहे का, नळाला पाणी कधी येते आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कोण देणार, हे आधीच ठरवून घ्यावे. आपल्या समाजातही ‘आपलाच माणूस, कागद कशाला’ असे म्हणण्याची सवय आहे. ती सुटायला हवी. महाराष्ट्रातील वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायचे असल्यास मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे, कारण ते नंतर दुरून मिळवणे जिकिरीचे होते.

थंडीलाही कमी लेखू नये. कोकण-मुंबईकडील कुटुंबे एका शालीवर येतात, पण जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो आणि ‘मावठा’, म्हणजे हिवाळी पाऊस, पडला की दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. रजया दिवाळीपूर्वीच घ्याव्यात. सकाळच्या पोह्यांवर ओल्या खोबऱ्याऐवजी शेव आणि सोबत जिलेबी येते, याची सवय मात्र लवकर होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून गणेशोत्सव निष्ठेने सांभाळणारी मराठी घरे या शहरात आहेत, आणि अर्ज अडला तर त्यांच्याकडे विचारणा करण्यास संकोच करू नये.