रॅपर व्हायचंय? आधी कागद वाचायला शिका

मुलगा वहीच्या मागच्या पानांवर रॅप लिहितोय हे कळल्यावर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात पोट भरतं का? त्यावर मुलाचं उत्तरही ठरलेलं : मग एमसी स्टॅनचं कसं भरलं? पुण्याच्या स्टॅनने २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकल्यापासून तर घरोघरी हेच चाललंय. मला विचाराल तर दोघंही स्टेजकडे बघून भांडताहेत. या धंद्यातला खरा व्यवहार स्टेजच्या मागे चालतो. तो नीट दिसावा म्हणून आज फिलिपिन्समधल्या एका रॅपरची हकिकत सांगतो.

त्याचं नाव जॉन पाउलो नासे, स्टेजवर पाब्लो. जन्म १९९४ चा, गाव मनिलाच्या दक्षिणेला काविते प्रांतातलं इमुस. एसबी१९ या पाच जणांच्या बॉय बँडचा तो लीडर आणि रॅपर. हा बँड उभा केला शोबीटी या कोरियन कंपनीच्या फिलिपिन्समधल्या शाखेने, त्यामुळे तालीमही कोरियन पद्धतीची आणि वर्षानुवर्षं चालणारी. पाब्लोला सुरुवातीला ‘सेजुन’ असं कोरियन वळणाचं नाव होतं. ते त्याने पुढे सोडलं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तिलालुहा’ हे पहिलं गाणं आलं आणि फारशी कुणी दखल घेतली नाही. जुलै २०१९ मध्ये ‘गो अप’ आलं. हेही चाललं नाही तर बँड मोडायचा, इथपर्यंत पोरं आली होती. सुरुवातीला तेही थंडच होतं. मग सप्टेंबरमध्ये कुणा चाहत्याने त्यांच्या तालमीचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला आणि तो वाऱ्यासारखा पसरला. २०२१ मध्ये बिलबोर्ड म्युझिक अवॉर्ड्सच्या ‘टॉप सोशल आर्टिस्ट’ विभागात त्यांना नामांकन मिळालं. आग्नेय आशियातल्या कलाकारांना तोवर हा मान मिळाला नव्हता.

“म्हणजे नशीबच की हो!” असं एखादे बाबा म्हणतील. व्हिडिओ पसरला हे नशीबच, मान्य. पण त्यात पाचही जणांची पावलं एका ठेक्यावर पडत होती, ती काही नशिबाने नाही. आणि माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘तिलालुहा’ आणि ‘गो अप’ ही दोन्ही गाणी पाब्लोनेच लिहिलेली होती. पुढे २०२३ मध्ये गाजलेलं ‘गेन्तो’ही त्याचंच. बॉय बँडच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात रॅपरच्या वाट्याला जेमतेम आठ किंवा सोळा ओळी येतात. तेवढ्याच येत असतील तर तो बदलता येणारा माणूस असतो. गाणं ज्याने लिहिलं त्याला बदलणं अवघड.

म्हणून सोलो करिअर म्हणजे बँड सोडून जाणं, हा समज मुलांनी मनातून काढून टाकावा. पाब्लोची ‘ला लुना’ आणि ‘देतेर्मिनादो’ ही सोलो गाणी २०२२ मध्ये आली, ‘लाओन’ हा ईपी (छोटा अल्बम) २०२४ मध्ये, आणि या सगळ्या काळात बँड जोरात चालू होता. बँडच्या पाचही जणांनी आपापली सोलो गाणी केली आहेत. पाब्लो भावाबरोबर ‘रॅडकिड्झ’ या नावाने संगीतनिर्मितीही करतो, आणि २०२४ मध्ये तो तिथल्या ‘द व्हॉइस किड्स’मध्ये कोच म्हणून खुर्चीवर बसला. गीतकार, निर्माता, रॅपर, शिक्षक : एकाच माणसाच्या हाती चार कामं आहेत. त्यातलं रॅप आपल्याला दिसतं, एवढंच.

आता कागदांकडे येऊ. २०२३ मध्ये या पाच जणांनी जुन्या कंपनीकडून कारभार आपल्या हातात घेतला आणि वनझेड एंटरटेनमेंट ही स्वतःची कंपनी काढली. पाब्लो तिचा सीईओ झाला. कार्यक्रम ठरले, दौरा सुरू झाला, आणि एसबी१९ या नावावर हक्क कुणाचा, यावरून जुन्या कंपनीशी वाद उभा राहिला. चेहरे यांचे, घाम यांचा, चाहते यांचे. नाव मात्र ट्रेडमार्कच्या फायलीत अडकलेलं. वर्ष संपता संपता समझोता झाला आणि नाव त्यांच्याकडे राहिलं. पण ज्या नावाने पाच वर्षं गायलो ते उद्या वापरता येईल का, ही धास्ती काय असते याचा विचार करा. मुलाला गिटार घेऊन देताना आपण दहा दुकानं फिरतो. करारावरची सही मात्र “सर चांगले आहेत” एवढ्या भरवशावर करून मोकळे होतो.

फिलिपिन्समधले पालक काही वेगळे नाहीत. तिथेही नर्सिंग, जहाजावरची नोकरी, कॉल सेंटर हे भरवशाचे रस्ते. ग्लॉक-९ हा तिथला फार मोठा रॅपर. नाव झाल्यावरही त्याने नर्सिंगची पदवी पुरी केली. हे वाचून “बघ, तोसुद्धा शिकला” असं मुलाला ऐकवायची घाई करू नका. त्याने रॅप सोडून पदवी घेतली नाही, दोन्ही केलं. आणि ज्यांना बँडबिंड नको, नुसती शब्दांची झुंज हवी, त्यांच्यासाठी २०१० पासून फ्लिपटॉप ही रॅप-लढतींची लीग आहे. तिथे मागे संगीत नसतं. शब्द थिटे पडले तर ते झाकायला काहीच नाही. मुलाचं लिखाण कुठवर पोचलंय हे कळायला याहून चांगली परीक्षा नाही. आपल्याकडेही हौशी पोरांचे अड्डे जमतात. मुलाला एकदा तिथे उभं राहू द्या, आणि तुम्ही मागे बसून ऐका.

आपल्या मुलासाठी यातून काय घ्यायचं? बारावीपर्यंत शाळा सोडायचं काही कारण नाही, कारण लिहायला वही लागते, कॉलेज बुडवावं लागत नाही. ध्वनिमुद्रणाची ओढ असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. त्याला आधी पदवी लागते, म्हणजे कॉलेजची वर्षं वाया गेली असं होत नाही. गाणी लिहीत असेल तर मुंबईच्या आयपीआरएस या संस्थेची माहिती घ्या. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीची वसुली आणि वाटप ती करते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. तरीही “एकरकमी घ्या आणि विसरा” म्हणणारे भेटतातच.

तेव्हा कुणी करार पुढे केला तर घरी आणून रात्रभर ठेवा आणि चार गोष्टी शोधा : स्टेजवरचं नाव कुणाच्या मालकीचं, गाण्याच्या शब्दांचे हक्क कुणाकडे, करार किती वर्षांचा, आणि मध्येच सोडला तर भरपाई किती. एखादी सापडली नाही तर वकिलाला विचारा. त्याची फी रेकॉर्डिंगच्या खर्चात धरा. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याने स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही. त्यामुळे तिथे सही तुमची मागतील, आणि वाचायचं कामही तुमचंच.