लेकुरांसह वारी : पडशीचा विचार

आषाढीच्या वाटेला लहान मुलांना न्यावे की न न्यावे, असे पुष्कळ मातामाउली आम्हांस विचारतात. न्यावे, असेच आमचे म्हणणे. पण मुलामागोमाग निम्मे घर बांधून निघते, आणि त्या ओझ्याने आईबाप सासवडच्या आतच टेकीला येतात. म्हणून ह्या पाठात आपण फक्त पडशीचा विचार करू.

आपले सामान दोन ठिकाणी असते, हे आधी ध्यानी धरावे. वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये जाते, ती एकदम मुक्कामावरच हाती लागते. दिवसभर जे लागेल ते खांद्यावरच पाहिजे. मूल दिवे घाटात चिंब भिजलेले आणि कोरडा सदरा ट्रकमध्ये, ही गत पुष्कळांची होते. पुणे ते सासवड ही चाल ३० किलोमीटरांहून मोठी. तिथे मधेच ट्रक कुठून गाठणार? तेव्हा झोळीत मुलाचा एक कोरडा जोड, पंचा, पाणी, गूळ-फुटाणे आणि डोक्यावर घ्यायला प्लॅस्टिकचा कागद ठेवावा. बस्स, एवढेच.

कपड्यांचे तीन जोड पुरे. एक अंगावर, एक झोळीत, एक वळकटीत. "एवढ्या दिवसांना तीनच?" असे कोणी म्हणेल. अहो, माउलींची पालखी पुण्यास आणि सासवडास दोन-दोन रात्री राहते, तिथे धुणे होते. पुढे रोज पिळून टाकावे. मात्र कापड पातळ असावे. जाड कापड आषाढात वाळत नाही. ते ओलेच बांधले की दुसऱ्या दिवशी कुबट वास आणि पोराच्या अंगाला खाज. गोधडीचेही तेच. घरी ती मायेची, पण भिजली की उचलवत नाही. त्यापेक्षा एक घोंगडी व एक चादर बरी. मूल आईच्या कुशीत निजते, त्याला निराळे अंथरूण कशाला?

डबे-बरण्यांचे तर नावच नको. दिंडीत भिशी भरली की जेवणाची सोय असते.

मुलालाही काही खांद्यावर घ्यायची हौस असते, ती मोडू नये. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. पण ते शाळेपुरते. दिवसभराच्या चालीला आम्ही ह्याच्या निम्मेही देणार नाही. १ लिटर पाणीच १ किलो भरते, तेव्हा पाणी बापाने घ्यावे आणि पोराच्या हाती पताका द्यावी. पायातले जोडे मात्र जुने, पायाला बसलेले असावेत.

दोन गोष्टींत काटकसर नको. एक, जलसंजीवनीच्या पुड्या. जुलाब लागले तर मूल बघता बघता सुकते. पुडी संपली तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखर चहाचे ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, ह्याहून जास्त नाही, असे विरघळवून घोटघोट पाजावे. आणि मूल मलूल दिसले तर वाटेवरच्या दवाखान्यात न्यावे.

दुसरी, नावाची पट्टी. गर्दीत हात सुटायला पळभर पुरतो, आणि घाबरलेल्या पोराला बापाचे नावही आठवत नाही. न विरघळणाऱ्या शाईने कापडावर नाव, फोनचा नंबर, दिंडीचा क्रमांक लिहावा, आणि रथापुढे की रथामागे तेही लिहावे. नुसते "बारा नंबर" म्हटले तर कोणता बारा? पुढे आहे तसा मागेही आहे. पट्टी तिन्ही सदऱ्यांना आतून शिवावी. बाहेर नको, परक्याने नाव वाचून हाक मारली की मूल विश्वासाने जाते.

आणि वळकटी बांधताना थोडी जागा रिकामीच सोडा. परतताना चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीमाळ आणि पोराने हट्टाने घेतलेली पिपाणी, एवढे सगळे त्याच एस. टी.तून यायचे असते.