दास, सेवक आणि मित्र : ख्रिस्ती दास्यभावाचा अर्थविचार

ख्रिस्ती मनुष्य स्वतःला देवाचा दास म्हणवितो, तेव्हा त्या एका शब्दाने त्याला नेमके काय सुचवावयाचे असते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. मराठीत हा शब्द दोन भिन्न परंपरांचे अर्थ घेऊन येतो. एकीकडे नवविधा भक्तीतील दास्य, जनाबाईंनी स्वतःस नामदेवांची दासी म्हणवून घेणे आणि समर्थांनी नावातच धारण केलेला दासभाव आहे. दुसरीकडे गुलामगिरी, वेठबिगार आणि गावकीची सक्तीची कामे आहेत. पहिल्या परंपरेत दास होणे हा गौरव ठरतो, दुसरीत ती मानहानी ठरते. बायबलमधील मूळ शब्दांतही हेच द्वैत आढळते. ते द्वैत तेथे कसे हाताळले गेले आणि मराठी ख्रिस्ती जीवनात त्याला कोणता अर्थ प्राप्त झाला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. हिब्रू परंपरा

हिब्रू भाषेतील ‘एबेद’ हा शब्द ‘काम करणे’ या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झाला आहे. विकत घेतलेला गुलाम, राजाचा अधिकारी आणि देवाने निवडलेला पुरुष, या तिघांनाही तो लावला जातो. मोशे आणि दावीद हे परमेश्वराचे ‘एबेद’ होत. त्याच धातूपासून आलेल्या ‘अबोदा’ या नामाचा अर्थ कष्टाचे काम असाही होतो आणि उपासना असाही होतो. निर्गमाची कथा या दुहेरी अर्थावरच उभी आहे. इस्राएल लोक मिसर देशात फारोसाठी राबतात, तीही ‘अबोदा’. आणि मोशे ज्या सेवेसाठी त्यांना रानात नेऊ इच्छितो, तीही ‘अबोदा’च. मनुष्य सेवा करणारच, हे येथे गृहीत आहे. निर्णय करावयाचा तो धनी कोण, याचा.

या विचाराचे कायद्यातील रूप लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात दिसते. कर्जापायी विकल्या जाणाऱ्या इस्राएली मनुष्याला गुलामाप्रमाणे विकू नये, असे तेथे सांगितले आहे. आणि त्याचे कारण असे की, देवाने ज्यांना मिसरातून बाहेर काढले ते सारे देवाचेच दास होत. जो एकाचा झाला, त्याच्यावर दुसऱ्याला मालकी सांगता येत नाही. देवाचे दास्य हा मानवी मालकीला घातलेला प्रतिबंध ठरतो. हा प्रतिबंध त्या अध्यायात परक्या लोकांपर्यंत पोहोचत नाही, परदेशीय गुलाम बाळगण्याची मुभा तेथेच दिलेली आहे, हेही नमूद केले पाहिजे. तत्त्व उच्चारले गेले, पण त्याची व्याप्ती अपुरी राहिली.

यशयाच्या पुस्तकात या शब्दाला आणखी एक वळण मिळते. बेर्नहार्ट डूम या जर्मन विद्वानाने १८९२ मध्ये त्या पुस्तकातील चार काव्यखंड ‘सेवकगीते’ म्हणून वेगळे दाखविले. त्यांतील सेवक आवाज चढवीत नाही, दुबळ्याला मोडीत नाही आणि अखेरीस इतरांचे दुःख स्वतःवर घेतो. हा सेवक म्हणजे एखादी व्यक्ती की सारा इस्राएल समाज, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ख्रिस्ती परंपरेने मात्र त्यात येशूचे चित्र पाहिले.

२. नव्या करारातील शब्द

नव्या करारात या अर्थाचे दोन ग्रीक शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. ‘डूलॉस’ म्हणजे गुलाम, ज्याचे शरीरही धन्याच्या मालकीचे. आणि ‘डिआकोनॉस’ म्हणजे सेवा करणारा, मूलतः पंक्तीत वाढणारा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मोठेपणासाठी धडपडणाऱ्या शिष्यांना येशू उत्तर देतो, तेव्हा हे दोन्ही शब्द लागोपाठ येतात. प्रचलित मराठी भाषांतरात पहिल्यासाठी ‘दास’ आणि दुसऱ्यासाठी ‘सेवक’ असा भेद राखलेला दिसतो, आणि तो योग्यच आहे. सेवकाला कामाची मर्यादा असते; दासाला ती नसते.

पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी स्वतःची ओळख ‘डूलॉस’ अशीच करून देतो. रोमन साम्राज्यात गुलामांचा बाजार भरत असता स्वेच्छेने हा शब्द स्वतःस लावून घेणे, ही साधी विनयाची रीत नव्हती. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर ख्रिस्तानेच दासाचे रूप घेतले, असे तो म्हणतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. हे काम घरातील सर्वांत खालच्या नोकराचे. म्हणूनच पेत्र प्रथम नकार देतो. जेथे धनीच दास झाला आहे, तेथे दासपणाचा अर्थ पूर्वीचा राहू शकत नाही.

मार्टिन लूथर याने १५२० मध्ये ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या निबंधात हा विरोधाभास सूत्रबद्ध केला: श्रद्धेमुळे तो कोणाच्याही अधीन नाही आणि प्रेमामुळे तो सर्वांच्या अधीन आहे. मुक्ततेचा संबंध देवाशी आणि सेवेचा संबंध शेजाऱ्याशी आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे या विधानातील विसंगती उरत नाही.

३. दास्य आणि सख्य

मराठी वाचकाला येथे नवविधा भक्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या क्रमात दास्य सातवे, सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो, तेव्हा दास्यानंतर सख्य हा क्रम ओळखीचा वाटतो. परंतु साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. शुभवर्तमानात मित्रत्वाचे कारण ज्ञान हे आहे: धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते, मित्राला ते सांगितलेले असते. शिवाय मित्र झाल्यावरही आज्ञापालन सुटत नाही. गलतीकरांस लिहिताना विश्वासणारा आता दास राहिला नसून पुत्र झाला आहे, असे म्हणणारा पौल त्याच पत्राच्या आरंभी स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो. म्हणजे दास, मित्र आणि पुत्र या एकामागून एक मागे टाकावयाच्या पायऱ्या नव्हेत. एकाच नात्याच्या त्या तीन बाजू होत. भीती जाते, सेवा राहते.

४. सामाजिक आक्षेप

एवढ्याने प्रश्न संपत नाही. ज्याच्यावर पिढ्यान्पिढ्या दास्य लादले गेले, त्याला देवाचा दास हो असे सांगणे कितपत न्याय्य आहे? महाराष्ट्रात हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला आणि येथील शूद्रातिशूद्रांची स्थिती त्याच शब्दाने वर्णिली. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतील होते. मेलेली जनावरे ओढणे, निरोप पोहोचविणे, सरकारी कामासाठी हाकेसरशी हजर होणे, ही महार वतनाची कामे त्यांच्या नित्याच्या अनुभवातील. या वतनाच्या कायद्यात सुधारणा व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; अशी कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ मध्ये झाला.

धर्मग्रंथाचा दुरुपयोगही झालेला आहे. गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, या पत्रांतील उपदेशाचा आधार अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळेवाल्यांनी गुलामगिरीच्या समर्थनासाठी घेतला. परंतु त्याच पत्रांत धन्यांचाही स्वर्गात एक धनी आहे, असे बजावले आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौल पळून गेलेल्या अनेसिमाला परत पाठवितो, पण दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार करावा, असे सांगतो. संस्था त्या पत्राने मोडली नाही. तिचा नैतिक आधार मात्र त्याने काढून घेतला. दास्याचा उपदेश दुर्बलालाच केला जातो आणि सबलाला वगळले जाते, तेथे मूळ अर्थाचा विपर्यास होतो. पाय धुण्याचा कित्ता गुरूने शिष्यांना घालून दिला होता.

५. दोन मराठी उदाहरणे

या अर्थाची कसोटी मराठी ख्रिस्ती समाजातील दोन व्यक्तींच्या आचरणात पाहता येते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. मिशनच्या सेवेत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ घालविला. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. या निर्णयात ‘नोकर’ आणि ‘दास’ या दोन शब्दांतील अंतर आचरणाने स्पष्ट झाले. नोकराला वेतन देणारा असतो, आणि त्याच्या मर्जीचा विचार त्याला करावा लागतो. परदेशी मिशनवर अवलंबून असलेल्या मंडळीला टिळकांनी जणू विचारले की, तिचा धनी खरोखर कोण?

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण दुसऱ्या दिशेने बोलते. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या पराधीनतेवर त्यांनी १८८७ मध्येच इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. शुभवर्तमानातील मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणते. तोच शब्द सासरी राबणाऱ्या विधवेच्या वाट्याला आला, तर त्यात धन्यता कोणती? रमाबाईंचे उत्तर केडगावच्या मुक्ती सदनात सापडते. दुष्काळातून वाचविलेल्या मुली व विधवा तेथे अक्षरओळख, शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. सामान्य स्त्रीलाही समजेल अशा साध्या मराठीत बायबल उतरविण्यासाठी रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्थेच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेलेले हे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. घराने जिला टाकले ती स्त्री येथे धर्मग्रंथाचे खिळे जुळवीत होती. ही सेवाच होती. पण तिने त्या स्त्रीला लहान केले नाही.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून ख्रिस्ती दास्यभावाची तीन लक्षणे सांगता येतील. तो अनन्य आहे. देवाचा दास दुसऱ्या कोणाची मालकी मान्य करू शकत नाही. तो अधोगामी आहे. त्याची सेवा सत्तेकडे न वळता गरजवंताकडे वळते. आणि तो ऐच्छिक आहे. लादलेल्या दास्याला हे नाव देता येत नाही. या तिहींपैकी एक जरी सुटले, तरी शब्द तोच राहून अर्थ उलटा होतो. म्हणून ‘दास’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. परंतु तो उच्चारणाऱ्याने प्रथम तो स्वतःस लावावा आणि मगच दुसऱ्यास सांगावा, एवढी अट त्या शब्दाच्या इतिहासानेच घातलेली आहे.