पाच महिन्यांच्या बाळाला बारमध्ये न्यावं का?

प्रश्न : आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. कुलाब्याच्या मोंडेगरसारख्या, बिअर आणि जेवण दोन्ही मिळणाऱ्या ठिकाणी तिला नेलं तर चालेल का? सासूबाईंचा सक्त विरोध आहे.

उत्तर : न्या, पण गर्दी होण्याआधी, दुपारी. मोंडेगरच्या भिंतींवरची मारिओ मिरांडांची चित्रं ती टकामका बघेल. ज्यूकबॉक्सचा मात्र भरवसा नाही. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज बाळाच्या कानांना जास्तच. स्पीकरपासून लांबचं टेबल मागा. स्मोकिंग झोन असलेली जागा सरळ टाळा. दार लावलं तरी धूर बाहेर येतोच. (सासूबाईंचा विरोध यासाठी असेल, तर त्यांचं बरोबर आहे.)

सहा महिने पूर्ण होईपर्यंत तिला फक्त दूध. चखण्यातला शेंगदाणा कौतुकानेही तिच्या हाती देऊ नये, घशात अडकतो. तुम्ही अंगावर पाजत असाल, तर दारू न घेणंच उत्तम. एखादा ग्लास झालाच, तर पुढे किमान दोन तास पाजू नका. दूध पिळून टाकल्याने दारू लवकर उतरत नाही. आणि दोघांपैकी कुणीही प्यायलेलं असेल, तर त्या रात्री बाळाला कुशीत घेऊन झोपू नका.