ग्रीस ‘लावणे’ आणि ग्रीस ‘भरणे’ : कृतीच्या भाषेचा एक धडा

तापीच्या उत्तर काठाने सुरतेहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनांची रांग सहसा तुटत नाही. पोलाद, खत, वायू आणि बंदर यांवर चालणारा हा परिसर आहे. त्याच्या आधाराने रस्त्याकडेला अनेक लहान गॅरेजे उभी राहिली आहेत. राष्ट्रीय महामार्ग ५३ हजीऱ्यापासून सुरू होतो आणि नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, नागपूर असा पूर्वेकडे जातो. उधना-लिंबायतच्या वस्तीतल्या खानदेशी माणसाच्या दृष्टीने हा गावाकडचा रस्ता. म्हणून या गॅरेजांत गुजराती आणि हिंदीच्या जोडीला मराठी व अहिराणीही कानी पडते.

मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी बारावीनंतर अशाच एका गॅरेजात काम शिकायला राहिला. एकदा तो म्हणाला, “सर, मिस्त्री एकदा दाखवतात, मी विसरतो. वाहनासोबतचं पुस्तक इंग्रजीत. मराठीत चार पानं लिहून द्या ना.” मी होकार दिला. विषय ठरला, जुन्या पिकअपचे ब्रेक बदलणे आणि पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरणे. त्या चार पानांत मी जी चूक केली, तिच्यातून हा लेख आला आहे.

काम काय असते

आधी काम थोडक्यात सांगतो, कारण पुढची भाषेची चर्चा त्याच्यावरच उभी आहे. जुन्या धाटणीच्या पिकअपला बहुधा पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतो. पुढचे काम करताना प्रथम वाहन सपाट, कठीण जमिनीवर उभे करून मागच्या चाकांना उटी लावतात. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करतात, मग जॅकने वाहन उचलून घोडीवर टेकवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी काम करू नये.

चाक काढले की कॅलिपर दिसतो. तो सोडवून तारेने वर बांधून ठेवतात. ब्रेकच्या रबरी नळीला लोंबकळत ठेवला तर नळी आतून दुखावते आणि बाहेरून काही कळत नाही. नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन हळूहळू मागे ढकलावा लागतो. तेव्हा वरच्या डबीतले ब्रेक ऑइल चढते आणि सांडले तर रंग खाते. हजीऱ्याची हवा खारी व दमट. तिने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात. त्या साफ न करता नवे पॅड बसवले, तर एक पॅड झिजतो आणि दुसरा तसाच राहतो. मागच्या ड्रममध्ये लायनर असतात. तिथली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवायची नसते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि ती धूळ फुप्फुसांत गेली तर आयुष्यभराचे दुखणे होते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. पॅड असोत वा लायनर, डावी-उजवी जोडी एकदमच बदलायची.

पुढे हब. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर आणि बाहेरचे लहान बेअरिंग काढले की हब हाती येतो. मागच्या बाजूचे ऑइल सील काढल्यावर आतले मोठे बेअरिंग निघते. दोन्ही रॉकेलने धुऊन, कोरडी करून उजेडात पाहायची. रोलरवर खड्डे असतील किंवा निळसर छटा आली असेल, तर बेअरिंग आणि त्याची हबमध्ये बसवलेली बाहेरची वाटी दोन्ही बदलायची.

मी काय लिहिले

या टप्प्यावर मी लिहिले होते : “बेअरिंगला सर्व बाजूंनी ग्रीस लावावे.” वाक्य शुद्ध होते, सोपे होते. वर्गात कोणी लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते.

माझ्या विद्यार्थ्याने ते नेमके तसेच पाळले. त्याने बेअरिंगला बाहेरून सगळीकडे छान ग्रीस माखले आणि हब बसवला. मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्या कामात होते. चाचणीसाठी वाहन इच्छापोरपर्यंत नेऊन आणले, तेव्हा एका चाकातून जळकट वास यायला लागला. हबजवळ हात नेला तरी धग लागत होती. उघडून पाहिले, तर नव्या बेअरिंगचे रोलर निळे पडले होते. बाहेरचे ग्रीस फिरण्याने दूर फेकले गेले होते आणि आत रोलर धातूवर धातू घासत कोरडे फिरले होते.

नुकसान एका बेअरिंगचे झाले, एवढ्यावर निभावले. पण तो पिकअप दुसऱ्या दिवशी भाजीची पोती आणायला धुळ्याला निघणार होता. वाटेत कोंडाईबारीचा घाट आहे. उतारावर, भरल्या वाहनाचे पुढचे चाक धरले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ केला. मुलाने चूक केली नव्हती. त्याने माझे क्रियापद पाळले होते.

क्रियापद हाताला सांगते

मिस्त्रींनी मला समोर बसवले. डाव्या तळहातावर लिंबाएवढे ग्रीस घेतले. उजव्या हातात बेअरिंग धरून त्याची रुंद कड त्या गोळ्यात दाबत तळहातावरून ओढली. पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. काही वेळाने दुसऱ्या, अरुंद बाजूने दोन रोलरांच्या फटीतून ग्रीसचे बारीक वळे बाहेर आले. मग बेअरिंग थोडे फिरवून तसेच पुढे. मिस्त्री साक्रीकडचे. ते म्हणाले, “बेरिंगना पोटमा ग्रीस जावाले पाहिजे, मास्तर.”

बेअरिंगच्या पोटात ग्रीस गेले पाहिजे. माझ्या चार पानांत नव्हते ते सगळे या एका वाक्यात होते. (जाता जाता भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी : अहिराणीतला ‘पोटमा’ मधला ‘मा’ आणि गुजरातीतला ‘मां’ सारखेच काम करतात. त्यामुळे शेजारच्या गुजराती कारागिरालाही हे वाक्य अर्धेअधिक कळले.)

‘लावणे’ हे मराठीतले अत्यंत कष्टाळू क्रियापद आहे. आपण कुंकू लावतो, दिवा लावतो, दार लावतो, झाड लावतो, शिस्त लावतो. पण एखादा पातळ किंवा मऊ पदार्थ ‘लावायचा’ म्हटले की आपला हात पृष्ठभागावर थांबतो. मलम लावतात ते त्वचेवर. ‘भरणे’ म्हटले की हात आत जातो. वर्गात मी हे सांगितले, तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, वांग्याला मसाला लावला तर ती भरली वांगी होत नाहीत.” याहून चांगले स्पष्टीकरण मला सुचले नसते.

मराठीत या एका कामाभोवती किती छटा आहेत ते पाहा. चोपडणे, माखणे, फासणे ही पृष्ठभागाची क्रियापदे. घालणे, भरणे, कोंबणे ही आतली. ‘कोंबणे’ बेअरिंगला चालेल, पण हबच्या पोकळीला चालणार नाही. ती पोकळी ग्रीसने ठासून भरली, तर तापल्यावर ग्रीसला फुगायला जागा उरत नाही आणि ते सील ओलांडून ब्रेकच्या डिस्कवर येते. ग्रीस लागलेला ब्रेक लागत नाही. म्हणजे बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरायचे, हबमध्ये मात्र जागा राखून घालायचे. एकाच कामात दोन क्रियापदे हवीत.

नाम उसने चालते

तांत्रिक मराठीची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा नामांपाशी अडकते. बेअरिंगला मराठी विश्वकोशात ‘धारवा’ असा शब्द आहे. तो सुबक आहे, पण हजीऱ्याच्या रस्त्यावर तो कोणी वापरत नाही. तिथे ‘बेरिंग’ म्हणतात. स्क्रू ड्रायव्हरला सुरतेचे कारागीर ‘डिसमिस’ म्हणतात आणि आमचे खानदेशी मुलगेही तेच म्हणतात. यामुळे कोणाचे काम बिघडलेले मी पाहिले नाही. ‘गतिरोधक’ लिहिले असते, तर मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा उंचवटा आला असता.

याचा अर्थ आपल्याकडे शब्द नव्हते असा नाही. बैलगाडीच्या चाकाला तुंबा आहे, आरे आहेत, धाव आहे. तुंब्यातून आस जातो, आसाला वंगण घालतात आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ ठोकतात. हब म्हणजे तुंबाच, आणि स्प्लिट पिन त्या खिळीचेच काम करते. गंमत अशी की ज्या शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगचे हे काम आहे, त्याचे १८९८ चे अमेरिकी पेटंट हेन्री टिमकेन यांचे, आणि ते घोडागाड्या बनवणारे कारखानदार होते. चाकाचे दुखणे तेच होते, फक्त उपाय नवा आला. हे विद्यार्थ्यांना सांगावे. ‘वंगण’ या शब्दाने त्यांना ग्रीसचे प्रयोजन चटकन समजते. पण दुकानात जाऊन मागायचे ते ग्रीसच.

‘घट्ट’ म्हणजे किती?

माझी दुसरी चूक मिस्त्रींनी कागदावरच पकडली. मी लिहिले होते : “नट घट्ट आवळून पिन घालावी.” चाकाचे नट घट्ट आवळायचे असतात, म्हणून हाही आवळायचा असे मी धरले होते. पण हा नट बेअरिंगवर दाब ठेवतो. तो घट्ट राहिला तर बेअरिंग तापते, सैल राहिला तर चाक डुगडुगते. खरी रीत अशी : हब हाताने फिरवत नट पान्याने आवळायचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग तो सैल करायचा. मग पुन्हा हलक्या हाताने टेकवायचा आणि भोक जुळवून नवी पिन घालायची. नेमके माप प्रत्येक वाहनाच्या पुस्तकात असते आणि ते त्यातूनच घ्यावे. शेवटी चाक वर-खाली धरून हलवायचे. ठक्ठक् जाणवता कामा नये आणि चाक मोकळे फिरले पाहिजे.

आवळणे, सैल करणे, टेकवणे या तीन क्रियापदांचा क्रम म्हणजेच ते काम. मी तिन्हींच्या जागी एक विशेषण ठेवले होते.

अशी भाषा मराठीला नवी नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. त्याच्यासारखी पुस्तके आणि त्यांच्याही आधीची स्वयंपाकघरातली तोंडी परंपरा हेच तर करत आली आहे. ‘तेल सुटेपर्यंत परता’, ‘कडा सुटल्या की उलटा’. यात काम आहे आणि काम झाल्याची खूणही आहे. ब्रेकच्या शेवटच्या पायरीला हीच रीत लावता येते. नवे पॅड बसवल्यावर पहिल्यांदा पेडल तळापर्यंत जाते, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात. ‘पेडल दाबून पाहावे’ एवढे लिहिले तर कोणी एकदा दाबून वाहन सुरू करील आणि समोरच्या भिंतीवर जाईल. ‘पेडल पायाखाली कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. तोवर वाहन जागचे हलवू नका,’ हे मराठी वाक्य प्राण वाचवणारे आहे.

सुधारलेले वाक्य आणि वर्गासाठी काम

माझ्या कागदावर आता असे आहे : “बेअरिंगची रुंद कड तळहातावरच्या ग्रीसमध्ये दाबा. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीस बाहेर आले, की थोडे फिरवून पुढचा भाग घ्या. पूर्ण फेरी होईपर्यंत असेच भरा. ग्रीस आत गेले नाही तर रोलर कोरडे फिरून जळतात.” यात क्रियापद आहे, खूण आहे आणि कारण आहे. ‘लावावे’ जाऊन ‘दाबा’, ‘भरा’ आले, कारण समोर एक माणूस हाताला ग्रीस लावून उभा आहे आणि मी त्याच्याशी बोलतो आहे.

शिक्षकांनी निबंधाच्या एका तासाला हा स्वाध्याय द्यावा : मुलांनी घरातल्या कामकरी माणसाकडून एक कृती पाहावी. साडीला फॉल लावणे, लूमवरचा तुटलेला धागा सांधणे, सायकलचे पंक्चर काढणे, काहीही चालेल. ती दहा वाक्यांत लिहावी. मग ते काम न येणाऱ्या दुसऱ्या मुलाने केवळ कागद वाचून ते करून दाखवावे. हात जिथे अडेल त्या वाक्यातले क्रियापद अधोरेखित करावे आणि काम शिकवणाऱ्या माणसाला विचारून बदलावे. गुण शुद्धलेखनाला द्यावेतच, पण काही गुण काम झाले की नाही यालाही ठेवावेत.

माझा विद्यार्थी आता तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर टांगतो. त्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात वरती एक ओळ लिहिली आहे : “पोटमा.” मी ती खोडलेली नाही.